हृदयरोगाचा धागा अंड्यापर्यंत

रक्तातली चरबी हा विषय आपल्याकडे दवाखान्यात सुरू होतो आणि औषधाच्या दुकानात संपतो. लिपिड प्रोफाइलच्या कागदावर एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड यांचे आकडे येतात, वाढलेल्या आकड्यापुढे खूण असते आणि डॉक्टर गोळी लिहून देतात. हे आकडे ज्या कणांमधल्या चरबीचे असतात, त्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती प्रथिनांच्या सोबतीनं कणांच्या रूपात रक्तातून फिरते. हे कण प्राण्यांच्या शरीरात मुळात कशासाठी आले, याचा शोध जगातल्या काही विद्यापीठांत कोंबडी, टोळ, लॅम्प्रे मासा अशा जीवांवर चालतो. रुग्णाला याचा काय उपयोग, या प्रश्नाच्या दोन बाजू पुढच्या संवादात मांडल्या आहेत. अमरावतीत प्रॅक्टिस करणारे हृदयरोगतज्ज्ञ मामा आणि विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारी त्यांची भाची ही पात्रं संवादासाठी योजली आहेत. वाद मात्र खरा आहे.

मामा : एक सरळ विचारू? माझ्याकडे चाळिशीही न गाठलेली माणसं छातीत कळ घेऊन येतात. कुणी वावरातून उठून आलेला असतो, कुणी बँकेच्या काउंटरवरून. अँजिओग्राफी करावी तर मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बुजलेली. बाहेर बाकावर त्याची बायको बसलेली असते, मांडीवर लेकरू. अशा वेळी विद्यापीठातल्या हुशार मुलांनी कोंबडीच्या रक्तातली चरबी मोजत बसावं, हे मला पटत नाही.

भाची : मामा, त्या माणसाला तुम्ही घरी पाठवताना जी गोळी देता, ती कोंबडीमुळे वाचली आहे.

मामा : स्टॅटिन?

भाची : हो. अकिरा एंडो हे जपानमधले शास्त्रज्ञ. शरीरात कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम अडवेल असा पदार्थ त्यांना हवा होता. त्यासाठी त्यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत त्यांना तो सापडला. तोच पहिला स्टॅटिन, कॉम्पॅक्टिन. परीक्षानळीत तो उत्तम चालला. रॅटना दिला तर रक्तातलं कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नाही. औषध प्राण्यात चालत नाही म्हटल्यावर काम बंद पडायच्या बेतात होतं. १९७६ च्या सुरुवातीला एंडोंनी किटानो या सहकाऱ्याकडच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांना तेच औषध खाद्यातून दिलं. महिनाभरात त्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. मग कुत्री, मग माकडं, आणि १९७८ मध्ये ओसाकात माणसं.

मामा : गोष्ट चांगली आहे, पण तो योगायोग झाला. शेजारच्या खोलीत कोंबड्या नसत्या तर? योगायोगावर संशोधनाचं धोरण बेतता येत नाही. माझा विश्वास कशावर आहे सांगू? १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीवर. हृदयविकाराचे ४४४४ रुग्ण घेतले, निम्म्यांना सिम्वास्टॅटिन दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला सारखी गोळी. पाच वर्षांच्या आसपास पाहिलं तर औषध घेणाऱ्यांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. मी गोळी लिहितो ती या आकड्यामुळे. कोंबडीमुळे नाही.

भाची : चाचणीचा निकाल मला शंभर टक्के मान्य आहे. कोंबड्या हाताशी होत्या हा योगायोग, हेही मान्य. पण त्याच घ्याव्यात असं एंडोंना वाटलं, त्यामागे विचार होता. अंड्यात एवढं कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीच्या शरीरात त्याची उलाढाल मोठी असणार, आणि तिथं औषधाचा परिणाम झाला तर दिसेल. रॅटच्या यकृतात उलटंच घडतं. औषध पोचलं की तेच एन्झाइम कितीतरी पटींनी जास्त तयार होतं आणि परिणाम पुसला जातो. प्राण्याप्राण्यातला हा फरक जाणून घेणं हेच माझं काम. तो माहीत नसेल तर चांगलं औषधही फेकून दिलं जाईल.

मामा : बरं. मग कोंबडीत असं काय आहे, ते नीट सांग.

भाची : बलकापासून सुरू करते. बलकातली चरबी अंडपेशी स्वतः तयार करत नाही. कोंबडी अंड्यावर आली की तिच्या रक्तात इस्ट्रोजेन वाढतं. त्याच्या हुकमावर यकृत दोन गोष्टी भरभरून बनवू लागतं. एक म्हणजे व्हीएलडीएल, तुमच्या ओळखीचा तोच चरबीचा मोठा कण. दुसरं म्हणजे व्हिटेलोजेनिन, बलकाचं मूळ प्रथिन. दोन्ही रक्तातून अंडाशयात जातात. शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत अंडपेशी काही मिलिमीटरवरून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत फुगते. एका बलकात पाच-सहा ग्रॅम चरबी आणि दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल जातं. पोल्ट्रीतली चांगली कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. म्हणजे जवळजवळ रोज एवढा माल रक्तातून बाहेर काढून ती मोकळी होते.

मामा : आणि अंडपेशी तो माल रक्तातून उचलते कशी?

भाची : वुल्फगांग श्नायडर यांनी नेमका हाच प्रश्न धरला. ते आधी डॅलसला ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत होते.

मामा : एलडीएल रिसेप्टरचे ब्राउन-गोल्डस्टाइन. १९८५ चं नोबेल.

भाची : तेच. पेशीवर एलडीएल पकडणारा जो रिसेप्टर असतो, तो शुद्ध स्वरूपात वेगळा करण्याचं काम श्नायडर यांनी तिथं १९८२ मध्ये केलं. पुढे कॅनडात आणि मग व्हिएन्नात त्यांनी कोंबडीची अंडपेशी हाती घेतली. तिच्या पृष्ठभागावर त्यांना एक रिसेप्टर मिळाला. माणसाच्या एलडीएल रिसेप्टरच्या टोकाला कण पकडणाऱ्या सात घड्या असतात, याला आठ. बाकी घडण एकाच घराण्याची. आणि हा एकच रिसेप्टर व्हीएलडीएल आणि व्हिटेलोजेनिन दोन्ही आत घेतो.

मामा : आत घेतो हे कशावरून? चिकटणं वेगळं आणि प्रत्यक्ष काम करणं वेगळं.

भाची : त्याचा पुरावा एका वांझ कोंबडीनं दिला. कोंबड्यांचा एक वाण आहे, त्यात काही माद्या जवळजवळ अंडीच देत नाहीत. दोष झेड गुणसूत्रावरच्या एका जनुकात. नराकडे दोन झेड असतात, त्यामुळे एक सदोष असला तरी दुसरा निभावून नेतो. मादीकडे झेड एकच, तिला सुटका नाही. तिचं यकृत इस्ट्रोजेनच्या हुकमानं चरबीचे कण बनवतच राहतं. अंडाशय ते उचलत नाही. सगळा माल रक्तात साचतो आणि तिच्या रक्तवाहिन्यांत तुमच्या रुग्णांसारखेच थर चढतात. १९९५ मध्ये श्नायडर यांच्या गटानं दाखवलं, की त्या आठ घड्यांच्या रिसेप्टरमध्ये ६८२ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन आलं आहे. एक अमिनो आम्ल बदललं, तर अंडं गेलं आणि रक्तवाहिन्याही गेल्या.

मामा : हे मात्र मला ओळखीचं वाटतं. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाची मुलं मी पाहिली आहेत. दहा-बारा वर्षांचा मुलगा, कोपरावर आणि टाचेच्या शिरेवर पिवळट गाठी. एलडीएल पाचशेच्या वर. त्याच्या यकृताचा रिसेप्टर बिघडलेला असतो, तुझ्या कोंबडीच्या अंडपेशीचा.

भाची : घराणं एक, जागा वेगळी. आणि दोघांच्या रक्तात घडतं तेही एकच. माझ्या दृष्टीनं यातली मोठी गोष्ट अशी, की ही सारी यंत्रणा हृदयासाठी उभी राहिलेली नाही. पुढच्या पिढीला शिदोरी पोचवणं हे तिचं फार जुनं काम. आपल्या एलडीएलचं मुख्य प्रथिन अपो-बी आणि बलकाचं व्हिटेलोजेनिन ही एकाच पूर्वज प्रथिनाची लेकरं आहेत. दूध आलं, नाळ आली, तशी सस्तन प्राण्यांनी व्हिटेलोजेनिनची जनुकं एकेक करून गमावली. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसकडे त्यातलं एक अजून चालू आहे. अपो-बी मात्र आपण जपलं.

मामा : थांब. इथं माझी खरी हरकत आहे. उत्क्रांतीच्या नावानं गोष्टी रचणं फार सोपं असतं. जे आज दिसतं त्याला मागून कारण चिकटवायचं. 'हे अंड्यासाठी होतं', 'ते दुष्काळासाठी होतं'. कानाला गोड लागतं. तपासणार कसं?

भाची : हरकत योग्य आहे. जी गोष्ट तपासता येत नाही ती मीही वर्गात सांगत नाही. पण नातं तपासता येतं, कारण नात्यावरून भाकीत करता येतं. आपल्या यकृतात आणि आतड्यात एमटीपी नावाचं प्रथिन आहे, ते अपो-बीवर चरबी चढवतं.

मामा : ते नसलं तर अबीटालायपोप्रोटीनेमिया. रक्तात एलडीएलचा पत्ता नाही, ई जीवनसत्त्व अंगी लागत नाही, पुढे नसा आणि डोळे जातात. याच एमटीपीला अडवणारं लोमिटापाइड अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं, अत्यंत वाढलेल्या एलडीएलसाठी.

भाची : बरोबर. एमटीपीही अपो-बी आणि व्हिटेलोजेनिनच्याच घराण्यातलं. त्याची त्रिमिती रचना बराच काळ कुणाला मिळत नव्हती. लॅम्प्रे हा जबडा नसलेला माशासारखा प्राणी. त्याच्या अंड्यातल्या बलक-प्रथिनाची रचना मात्र मिनेसोटात उलगडली होती. नातं खरं असेल तर एमटीपी तसंच दिसायला हवं, असं धरून १९९९ मध्ये माणसाच्या एमटीपीचं प्रारूप मांडलं गेलं. २०१९ मध्ये प्रत्यक्ष रचना हाती आली आणि घडणीचा तो अंदाज मूळ आराखड्यात खरा ठरला. औषध लॅम्प्रेमुळे निघालं असा दावा मी करत नाही. पण ही रचलेली गोष्ट नव्हती. ती खोटी ठरू शकली असती आणि ठरली नाही.

मामा : हे मानतो. तरीपण सिद्धान्तावर माझा जीव जडत नाही, कारण आमच्या क्षेत्रात सिद्धान्तानं माणसं दगावली आहेत. टॉरसेट्रापिब आठवतं? एचडीएल चांगलं, म्हणून एचडीएल वाढवा. सीईटीपी हे प्रथिन अडवलं की ते वाढतं. सुमारे १५००० रुग्णांवर चाचणी झाली. एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, एलडीएल २५ टक्क्यांनी उतरलं. कागदावर याहून सुंदर निकाल नाही. आणि मृत्यू? औषध घेणाऱ्यांत ९३, न घेणाऱ्यांत ५९. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

भाची : त्या औषधानं रक्तदाब वाढवला, अल्डोस्टेरॉन वाढवलं, हे नंतर कळलं.

मामा : कळलं ते चाचणीमुळे. प्राण्यांच्या अभ्यासानं ते सांगितलं नव्हतं.

भाची : नव्हतं सांगितलं, आणि सांगितलं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्यामागचा विचार बघा. एक आकडा चांगला, दुसरा वाईट, चांगला वाढवा. हे कण काय काम करतात, कुठून कुठे काय नेतात, हा प्रश्न मागे राहिला. उंदराचंच घ्या. त्याच्याकडे सीईटीपी नाही. त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असतं आणि त्याच्या धमन्या सहसा बुजत नाहीत. १९९२ मध्ये अपो-ई हे जनुक काढून टाकलेला उंदीर तयार झाला, तेव्हा कुठे त्याला माणसासारखे थर चढले. सशाकडे मात्र सीईटीपी आहे. कोबेला वाटानाबे यांना जन्मतः कोलेस्टेरॉल वाढलेला ससा मिळाला, आणि पुढे त्याच्या वंशात एलडीएल रिसेप्टरचाच दोष निघाला. उंदीर चालेल की ससा, हे त्यांच्या चरबीच्या वाहतुकीवर ठरतं. ते न पाहता प्राणी निवडला, तर चुकीच्या प्राण्यावर वर्षं आणि पैसा जातो. शेवटी भोगतो रुग्ण.

मामा : कोंबडी आणि ससा समजलो. पण टोळ? तो तर कीटक.

भाची : टोळधाड तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर भागात आली होती.

मामा : पाहिली म्हणजे काय! मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत लोक थाळ्या वाजवत, धूर करत रात्र रात्र जागत होते.

भाची : तो वाळवंटी टोळ, दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर जाऊ शकतो. एवढं उडायला इंधन कुठलं? पहिल्या काही वेळात रक्तातली साखर वापरली जाते, मग चरबी. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात डिक फान डर होर्स्ट यांच्या गटानं त्याच्या भावकीतल्या प्रवासी टोळावर वर्षानुवर्षं काम केलं. उड्डाण सुरू झालं की मेंदूजवळच्या ग्रंथीतून एक हॉर्मोन सुटतं. त्याच्या सांगण्यावरून चरबीच्या साठ्यातून डायग्लिसराइड बाहेर येतं आणि लायपोफोरिन नावाच्या कणावर चढतं. कण फुगतो, हलका होतो, पंखांच्या स्नायूंना चरबी देतो आणि तोच कण पुन्हा साठ्याकडे माल घ्यायला जातो. मुंबईतल्या डब्यासारखा : जेवण पोचलं, रिकामा डबा परत. आपला एलडीएल तसा नाही. पेशी त्याला सबंध गिळते आणि आत फोडून टाकते.

मामा : म्हणजे त्याच्या शरीरात चरबीची एवढी वाहतूक होऊनही कण साचत नाहीत?

भाची : ते परत वापरले जातात. आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. टोळाकडेही एलडीएल रिसेप्टरच्याच घराण्यातला रिसेप्टर आहे. तो लायपोफोरिनला पेशीच्या आत नेतो, पण फोडायला न पाठवता पुन्हा बाहेर सोडतो. एकाच घराण्यातला एक रिसेप्टर कणाला मोडीत पाठवतो, दुसरा परत पाठवतो. हा फरक कशामुळे पडतो, हा पेशीशास्त्राचा मूलभूत प्रश्न आहे. पीसीएसके-९ या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं तुम्ही देता. त्यांचं काम काय? यकृताचा रिसेप्टर मोडीत जाऊ न देता पुन्हा पृष्ठभागावर येऊ देणं. कोण मोडीत जातं आणि कोण परत येतं, यावरच ते सगळं औषध उभं आहे.

मामा : हा मुद्दा चांगला आहे. आता माझा एक अनुभव ऐक. तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी अटॅक येतो, एलडीएल फार नसतं, बिडी-सिगारेट नसते, साखर नसते. अशा वेळी मी लायपोप्रोटीन लिटल-ए तपासतो. बऱ्याचदा तिथंच उत्तर मिळतं. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो १९६३ मध्ये शोधला. पातळी जवळजवळ सगळी आनुवंशिक, म्हणून आयुष्यात एकदा तपासली तरी सहसा पुरते. आहाराने हलत नाही, स्टॅटिनने उतरत नाही. तो कशासाठी आहे, सांगते तुझी उत्क्रांती?

भाची : कशासाठी आहे, हे आज कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. ज्यांच्या रक्तात तो नावापुरताच आहे, ती माणसं धडधाकट जगतात. कुठून आला, हे मात्र सांगता येतं. रक्ताची गुठळी विरघळवणारं प्लास्मिनोजेन आहे ना, त्याच्या जनुकाची प्रत निघाली आणि ती बदलत बदलत या कणातलं खास प्रथिन झालं. जुन्या जगातली माकडं, वानर आणि माणूस एवढ्यांकडेच ते आहे. उंदराकडे नाही, सशाकडे नाही, कोंबडीकडे नाही. फक्त हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्यानं प्लास्मिनोजेनपासून तसलंच प्रथिन स्वतंत्रपणे घडवलं.

मामा : म्हणजे नेहमीचे प्रयोगाचे प्राणी इथं निरुपयोगी.

भाची : आणि ते सांगायलाही उत्क्रांतीच लागते. दुसरं असं, की शरीरातल्या प्रत्येक गोष्टीला हेतू असतोच असं नाही. काही गोष्टी घडून गेलेल्या असतात. हे मी तुमच्याकडून घेते, कारण आमच्यातले काही लोक सगळ्याला कारण शोधत बसतात.

मामा : मग मीही एक देतो. गरोदर बाईचं ट्रायग्लिसराइड शेवटच्या महिन्यांत दुपटी-तिपटीनं वाढतं. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, घाबरू नका, हे होतंच. का होतं, ते कधी नीट सांगितलं नाही. तुझ्या कोंबडीचं ऐकताना तेच डोळ्यांपुढे आलं. इस्ट्रोजेन वाढलं, यकृतानं व्हीएलडीएल सोडलं.

भाची : हुकूम तोच जुना आहे. कोंबडी तो माल बलकात भरते, बाईच्या शरीरात तो नाळेकडे आणि दुधाकडे जातो.

मामा : पण एखादीचं ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर जातं आणि स्वादुपिंडाला सूज येते. तेव्हा 'निसर्गाचंच आहे' म्हणून हातावर हात ठेवून बसता येत नाही. आई आणि बाळ दोन्ही जाऊ शकतात.

भाची : अजिबात बसता येत नाही. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं उत्क्रांती कुठेच सांगत नाही. मूल जन्माला येईपर्यंत यंत्रणा टिकली, की निवडीचं काम झालं. पन्नाशीतल्या धमनीची तिनं कधी काळजी वाहिलेली नाही. ती काळजी तुम्ही वाहायची आहे. ही यंत्रणा पिढी पुढे नेण्यासाठी घडली आणि आता आपण तिच्यासह सत्तर-ऐंशी वर्षं जगू पाहतो. हृदयरोगाचं बरंचसं मूळ मला तिथं दिसतं.

मामा : पटलं. तरी पहिला रुपया मी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवरच लावीन. गोळी माहीत आहे, स्वस्त आहे, आणि तरी ती खेड्यातल्या माणसापर्यंत वेळेवर पोचत नाही. यापेक्षा मोठं पाप नाही.

भाची : तो रुपया तिथंच लागायला हवा, यात वाद नाही. पण त्या गोळीमागे कुणीतरी बुरशीवर आणि कोंबडीवर लावलेला रुपया आहे. तो लावला तेव्हा यातून औषध निघेल असं कुणाला छातीठोक सांगता येत नव्हतं. म्हणून दुसरा रुपया आमच्याकडे येऊ द्या. नाहीतर वीस वर्षांनी आरोग्य केंद्रात आजच्याच गोळ्या असतील, आणि लिटल-ए वाढलेल्या तुमच्या पस्तिशीतल्या रुग्णाला तेव्हाही हात हलवत परत जावं लागेल.